घरी दाणेदार तान, मंचावर थरथर: मेंदूचं ट्रेनिंग लावावं का?

फोंड्याकडची एक आई मुलीला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी सतरा वर्षांची, बारावीला, शिवाय विशारदची तयारी चालू. आईचं म्हणणं असं: "मॅडम, बाय घरी इतकं छान गाते, पण मंचावर बसली की आवाज कापतो, समेवर येताना चुकते. एका सेंटरवाल्यांनी ब्रेनवेव्ह ट्रेनिंगची चाळीस सेशन्स सांगितली आहेत, पैसे आगाऊ. तिच्या डोक्याला काही होणार नाही ना?"

हा प्रश्न बरेच पालक विचारतात. ब्रेनवेव्ह ट्रेनिंग म्हणजेच न्यूरोफीडबॅक. त्यात डोक्यात वीज सोडत नाहीत. इलेक्ट्रोड मेंदूतल्या सूक्ष्म विद्युतलहरी फक्त टिपतात आणि हव्या त्या लहरी वाढल्या की संगणक आवाज किंवा चित्रातून तसं कळवतो. फिट्सचा इतिहास किंवा एखादा जुना मोठा मानसिक आघात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. या मुलीला तसं काही नव्हतं.

खरी अडचण पॅकेजमध्ये होती. सेंटरवाल्यांनी 'एकाग्रतेसाठी' बीटा लहरी (सतर्क असताना वाढणाऱ्या जलद लहरी) वाढवायचं ठरवलं होतं. आधीच छातीत धडधड घेऊन मंचावर बसणाऱ्या मुलीला आणखी तरतरी कशाला? लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधल्या विद्यार्थ्यांवर एग्नर आणि ग्रुझेलियर यांनी केलेला प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा सेशन्सनंतर बाहेरच्या परीक्षकांनी ध्वनिचित्रफिती तपासल्या. कोण कोणत्या गटातलं, हे त्यांना माहीत नव्हतं. अल्फा-थीटा, म्हणजे सैलावताना येणाऱ्या संथ लहरींचं ट्रेनिंग घेतलेल्या गटाचं सादरीकरण सुधारलेलं दिसलं. बीटा, एसएमआर (शरीर स्थिर पण लक्ष जागं असतानाच्या लहरी), व्यायाम या गटांत तसा फरक दिसला नाही. गट लहान होते, त्यामुळे मी याला हमी म्हणत नाही, पण चाळीस सेशन्सचे पैसे आधी भरण्यापेक्षा दहा करून पाहणं शहाणपणाचं.

मग आठवड्यातून दोनदा, अशी अल्फा-थीटाची दहा सेशन्स ठरली. डोळे मिटून पंधरा मिनिटं. अल्फा म्हणजे सेकंदाला 8 ते 12 आवर्तनं (हर्ट्झ), थीटा 4 ते 8. अल्फा वाढला की ओढ्याचा आवाज, थीटा वाढला की समुद्राची गाज. उद्देश असा की माणूस जागा राहून इतका सैल व्हावा की थीटा अल्फाच्या वर जावा.

इलेक्ट्रोड 'पीझेड'वर, म्हणजे डोक्याच्या मधल्या रेषेवर मागच्या बाजूला लागतो. नाकाच्या मुळापासून कवटीमागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजायचं आणि मागच्या टोकापासून तीस टक्क्यांवर खूण करायची. अंतर 34 सेंटिमीटर भरलं तर 10.2 वर. बाकीच्या दोन तारा कानांच्या पाळ्यांना. पहिल्याच दिवशी सिग्नल बिघडला, कारण मुलगी खोबरेल चोपडून आली होती. तेलकट टाळूवर पेस्ट धरत नाही. आदल्या रात्री केस धुवायला सांगितले, जागेवर जेल चोळून त्वचा साफ केली, तेव्हा त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विद्युतरोध 5 किलोओहमच्या खाली आला. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला आणि मोबाइलचा चार्जर काढला, कारण घरगुती विजेची 50 हर्ट्झची गुणगुण तारांत शिरते.

गाणाऱ्या मुलांची एक खोड असते: डोळे मिटले की मनात बंदिश सुरू! जबडा आणि गळा नकळत हलतात, स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींत मिसळते आणि आलेख भलताच सुंदर दिसतो. जीभ सैल, दातांत बोटभर फट, एवढं सांभाळायला लावलं की तो खोटा आलेख उतरतो.

दुसरी अडचण झोपेची. अल्फा मावळला आणि 4 हर्ट्झच्या खालच्या लहरी वाढल्या, की मूल झोपलं समजा. तिथे साधी युक्ती चालते. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून पंजा उभा ठेवायचा. डुलकी लागली की हात खाली येतो आणि जाग येते. सेशननंतर पाच मिनिटं बसवून ठेवतो. लगेच स्कूटर चालवायला देत नाही.

चौथ्या सेशनपासून तारा काढल्याबरोबर दहा मिनिटं गायन, आधी एकटीनं, मग चार माणसांसमोर. यंत्राजवळच येणारी शांतता मंचावर काय कामाची?

सुरुवातीला आणि शेवटी एकच बंदिश रेकॉर्ड केली. फिती उलटसुलट करून, तारखा न सांगता गुरुजींकडे पाठवल्या. शेवटच्या फितींमधला आलाप त्यांना ठेहरावाचा वाटला, श्वास पुरेसा. द्रुत तान मात्र तेव्हाही विस्कटलेलीच होती. ऐकून ते म्हणाले, "ही भीती नव्हे. मंचावर ही लय चढवते आणि त्या लयीत तिचा रियाज नाही." मग तबलजीशी लय आधी बोलून घेणं आणि तान त्याच लयीत घोटणं सुरू झालं. दुसऱ्या फेरीची सेशन्स मी सुचवली नाहीत.

जाताना आईनं धाकट्याबद्दल विचारलं, दहावीच्या गणितासाठी हेच लावू का? मी नको म्हटलं. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांवर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत खरं ट्रेनिंग आणि लुटुपुटीचं ट्रेनिंग यांत मुख्य मोजमापावर फरक आढळला नव्हता. धाकट्याला तर तो त्रासही नाही. तो रात्री साडेबारापर्यंत मोबाइलवर असतो. आधी ते थांबवा आणि डोळ्यांचा नंबर तपासून घ्या, असं सांगून पाठवलं.