जहाजावरून परतलेला भाऊ रात्री दचकतो

प्रश्न : धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी आहे. तांबड्या समुद्रात पुढच्या जहाजावर क्षेपणास्त्र आदळताना त्याने पाहिलं. घरी येऊन १२ दिवस झाले. रात्री दचकून उठतो, जेटीवर ट्रॉलरचं इंजिन सुरू झालं तरी अंग चोरतो. त्याला सगळं बोलायला लावू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, बोलायला लावू नका. घटनेनंतर लगेच सगळं वदवून घेण्याने पुढचा आजार टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो. तो आपणहून बोलला, तर मात्र हातातलं काम ठेवून ऐका. पहिल्या महिन्यात असं दचकणं अनेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं.

रात्री उठला की दिवा लावा, नावाने हाक मारा. गदागदा हलवू नका. पाय जमिनीला टेकवून बसू दे. ४ आकडे मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं ५ मिनिटं. भराभर मोठे श्वास घेतले तर चक्कर येते, हाताला मुंग्या येतात आणि भीती उलट वाढते. हा सराव दिवसा, शांत असताना दोनदा करून घ्या. ऐन घाबरलेपणी नवी गोष्ट जमत नाही.

जेटी कायमची टाळू नका, टाळल्याने भीती मुरते. आधी लांबून १० मिनिटं, सोबत कुणीतरी हवंच.

दारूने झोप लागते, पण पहाटे मोडते. झोपेच्या गोळ्या मनाने आणू नका. हल्ल्यांचे व्हिडिओ बंद.

महिना उलटूनही हेच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं झाल्याचं बोलला, तर त्याला एकटं न सोडता त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं.