गाडीवाटेवर छिलका दिसला तर

छिलका म्हणजे अश्मयुगातल्या माणसानं हत्यार घडवताना दगडावर मारा करून काढलेला तुकडा. तसा काही दिसला, तर आधी रस्ता कशाचा आहे ते बघा. बाहेरून मुरूम आणून टाकलेला असेल, तर त्यातला दगड मुळात कुठला हे कळायला मार्ग नाही. शिवाय ट्रॅक्टर-रोलरखाली फुटलेली खडी नवख्याला हमखास फसवते. त्यापेक्षा नदीकडे उतरणारी जुनी गाडीवाट धरा आणि कडेची उघडी पडलेली दरड न्याहाळा. प्रवरेकाठी नेवाशाला आणि कुकडीकाठी बोरीला अश्मयुगीन हत्यारं नदीकाठच्या थरांतच मिळाली आहेत.

छिलका खरा की खोटा? मारा बसला त्या टोकाशी सपाट जागा, तिच्या लगेच खाली फुगीर उंचवटा आणि तिथून पसरत गेलेल्या मंद लाटा, हे तिन्ही शोधा. गारगोटीच्या जातीच्या गुळगुळीत दगडावर, म्हणजे अकीक किंवा जास्परवर, ते छान दिसतं. काळा बेसाल्ट मात्र झिजून खुणा पुसून टाकतो, त्यामुळे बेसाल्टची हातकुऱ्हाड (मुठीत धरून वापरायचं दगडी हत्यार) ओळखताना घाई नको. तुटलेली कड ताजी, चकचकीत आणि बाकी अंग मळकट असेल तर ती करामत बहुधा चाकाची. एकट्या छिलक्यावर मी तरी काही ठरवत नाही. आसपास गाभे, म्हणजे ज्यांवरून छिलके काढले ते मूळ दगड, आणि आणखी छिलके हवेत.

सापडलं की उचलू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, मोबाइलवर ठिकाण नोंदवा. खणणं तर नकोच, त्याला परवानगी लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्व विभागाला फोटो दाखवा.