कर, मोकळी जमीन आणि वस्तीची वाढ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे मालमत्तांचे फेरमूल्यांकन झाले असून कर वाढणार, अशी धास्ती आहे. कर टाळायचा असेल तर वस्तीच्या कडेची शेते बांधकामाला खुली करावीत, नवी घरे नवा कर देतील, असे काही सदस्य म्हणतात. जमीनमालकांना करसवलत दिली की ते जमीन विकणार नाहीत, असे इतरांचे मत आहे. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आधी फेरमूल्यांकनाविषयी. सर्वांच्या मालमत्तेचे मूल्य दुप्पट झाले आणि स्थानिक संस्थेने गोळा करायची एकूण रक्कम तीच ठेवली, तर कराचा दर निम्मा होतो आणि कोणाचेही बिल बदलत नाही. ज्याच्या मालमत्तेचे मूल्य सरासरीपेक्षा जास्त वाढले, त्याचाच वाटा वाढतो. म्हणून मूल्यांकनाच्या नोटिशीपेक्षा अंदाजपत्रकातली कराची एकूण मागणी पाहावी. वाढ खरी की नुसती फेरवाटणी, ते तिथे कळते. मूल्यांकन गोठवण्याची मागणी मात्र मला धोक्याची वाटते. कॅलिफोर्नियाने १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने कराचा मूळ दर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढू नये, असे ठरवले. जुन्या रहिवाशांना दिलासा मिळाला, पण शेजारशेजारच्या सारख्याच घरांच्या करांत मोठी तफावत पडली, आणि घरांपासून फारसे उत्पन्न मिळेनासे झाल्यामुळे विक्रीकर आणणाऱ्या दुकानांच्या संकुलांना परवानगी देण्याकडे अनेक शहरांचा कल वाढला.

आता नव्या घरांच्या कराविषयी. हा कर जमेच्या बाजूला लगेच दिसतो. खर्च मागाहून येतो. रस्ते आणि नळ सुरुवातीला विकासक बांधून देतो, पण पुढची देखभाल संस्थेच्या गळ्यात पडते आणि एकाच वेळी टाकलेल्या वाहिन्या बहुधा एकाच वेळी जुन्या होतात. शेताला शाळा लागत नाही, सांडपाण्याची वाहिनी लागत नाही. अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट या संस्थेने गेली अनेक दशके ठिकठिकाणचे असे जमाखर्च मांडले आहेत. त्यांत निवासी भागावर त्याच्या महसुलापेक्षा अधिक खर्च होतो आणि शेती व मोकळ्या जमिनीवर कमी, असे चित्र पुन्हा पुन्हा दिसते. अर्थात हे सरासरीचे हिशेब आहेत. जिथे पाणी आणि रस्ता आधीच पोहोचला आहे अशा रिकाम्या भूखंडावरचे घर आणि दूरच्या शेतातले एकटे घर यांचा खर्च सारखा नसतो. शिवाय लोकांना घरे हवीतच; त्यामुळे वाढ नको, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. ती कुठे व्हावी, हा खरा प्रश्न आहे.

करसवलतीविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. शेतजमिनीवर तिच्या बाजारभावाऐवजी प्रत्यक्ष वापरानुसार कर आकारण्याचा कायदा अमेरिकेत सर्वप्रथम मेरीलँडने १९५६ साली केला. कल्पना न्याय्य आहे, कारण बिल्डर देऊ करतो त्या भावाने कर लावला तर शेतकऱ्याला तो पिकातून भरता येत नाही. पण सवलतीबरोबर बंधन नसेल तर ती जमीन वाचवत नाही. भाव वाढेपर्यंत जमीन अडवून ठेवणे तेवढे स्वस्त करते, आणि त्या काळातला कराचा भार इतर घरमालक उचलतात. म्हणून कॅलिफोर्नियाच्या १९६५च्या विल्यमसन कायद्यात सवलतीच्या बदल्यात किमान १० वर्षांचा करार करावा लागतो. काही ठिकाणी वापर बदलताच मागील वर्षांचा वाचलेला कर वसूल केला जातो. आपल्या संस्थेने सवलत द्यायचे ठरवलेच, तर करार आणि वसुली ही दोन्ही कलमे त्याच ठरावात असावीत, असा आग्रह आपण धरावा.

याहून टिकाऊ उपाय मेरीलँडमधल्याच माँटगोमेरी काउंटीने (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) १९८० साली योजला. सुमारे ९३ हजार एकर क्षेत्र शेतीसाठी राखून तिथे २५ एकरांमागे एकाच घराला परवानगी ठेवली. मालकाचे नुकसान भरून निघावे म्हणून त्याला दर ५ एकरांमागे एक हस्तांतरणीय विकास हक्क दिला. हा हक्क विकत घेणारा विकासक नेमून दिलेल्या वाढीच्या भागात अधिक घरे बांधू शकतो. मालकाला मोबदला मिळतो आणि तो सार्वजनिक तिजोरीतून जात नाही. मात्र जादा घरे सामावून घेणारा भाग आधी ठरवून तिथल्या रहिवाशांना विश्वासात घ्यावे लागते, नाहीतर हक्कांना गिऱ्हाईक मिळत नाही.

प्रश्न : जमीन वाचवण्यासाठी वेगळा कर लावणे योग्य आहे का?

उत्तर : मतदारांची संमती आणि खर्चाचा चोख हिशेब असेल तर योग्य आहे. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराच्या मतदारांनी १९६७ साली मोकळी जमीन विकत घेण्यासाठी विक्रीकरातला वाटा मंजूर केला. मॅसॅच्युसेट्सच्या २०००च्या कायद्यानुसार तिथल्या गावांना मतदानाने मालमत्ता करावर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. या निधीचा किमान १० टक्के वाटा मोकळ्या जागांसाठी, तेवढाच ऐतिहासिक वास्तूंसाठी आणि तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी राखावा लागतो. कमी उत्पन्नाच्या घरमालकांना या अधिभारातून वगळण्याची मुभाही गावांना आहे, आणि ती मी पहिल्याच मसुद्यात घालीन.