सिस्टरांना विचारा : जे दिसलं, ते सांगायचं कसं?

गेल्या अंकात आम्ही परिचर्येचं (नर्सिंगचं) शिक्षण आणि वॉर्डातलं काम यांबद्दल प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रं विद्यार्थिनींची आली. काही इन्चार्ज (वॉर्डप्रमुख) सिस्टर, एक रुग्णालय व्यवस्थापक आणि रुग्णांचे नातेवाईक यांनीही लिहिलं. मी आधी वॉर्डात काम केलं, मग परिचर्या शिकवली, त्यामुळे उत्तरांत दोन्हीकडचा अनुभव येईल. पत्रं लांब होती, त्यांचा गाभा तेवढा इथे देते.

मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात शरीरशास्त्र, औषधशास्त्र सगळं शिकवतात. पण वॉर्डात पोस्टिंगला गेलं की चादरी बदलणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) लिहिणं आणि निरोप पोचवणं एवढंच वाट्याला येतं. अशानं मी नर्स कशी होणार?

निरोप पोचवणं हे शिक्षण नव्हे. ते तुझ्या ट्यूटरना स्पष्ट सांग, दोघीतिघींनी मिळून सांगा. विद्यार्थिनींना बिनपगारी मदतनीस म्हणून वापरण्याची सवय फार जुनी आहे आणि ती मोडायलाच हवी.

चादर आणि टीपीआर मात्र त्या यादीतून काढ. टीपीआरमधला शेवटचा 'आर' म्हणजे श्वास. चार्टवरचा सगळ्यात दुर्लक्षित आकडा तोच. दहा रुग्णांच्या चार्टवर ओळीनं १८, १८, २०, १८ दिसलं की समजावं, कुणी मोजलेलंच नाही. रुग्ण बिघडायला लागतो तेव्हा बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वास वाढतो. ऑक्सिजन कमी पडला किंवा रक्तातलं आम्ल वाढलं की शरीर श्वास वाढवून ते भरून काढू पाहतं. रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरलेला असतो. तो कोसळतो तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पूर्ण एक मिनिट मोज. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून ठेव आणि नजर छातीवर असू दे, कारण मोजतंय हे कळलं की माणूस श्वास बदलतो.

चादर बदलताना माकडहाड, टाचा आणि कमरेची हाडं नीट बघ. लाल दिसलेला भाग बोटानं दाब. दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर बेडसोअरची सुरुवात झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघावं लागतं: आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, कडक लागतं का, रुग्णाला दुखतं का.

आणखी एक कर. चार्ट उघडण्याआधी रुग्णाकडे बघ आणि मनाशी अंदाज बांध: हा कालपेक्षा बरा आहे की खालावला? मग मोज, आणि अंदाज चुकला असेल तर का चुकला ते ट्यूटरना विचार. परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी नियम धरून चालते, जाणती एका नजरेत सगळी परिस्थिती ओळखते. ती नजर नुसत्या नोकरीच्या वर्षांनी येत नाही. अंदाज, पडताळा आणि समजावून सांगणारं कुणीतरी, या तिन्हींनी येते. तुझ्या ट्यूटर वॉर्डात तुझ्या शेजारी उभ्या राहत नसतील, तर खरी उणीव ती आहे.

नोकरीला लागून सहा महिने झाले. एका रात्री ऑपरेशन झालेल्या रुग्णाचं काहीतरी बिघडतंय असं वाटलं. डॉक्टरांना फोन केला, तर "बीपी बरं आहे ना? मग सकाळी बघू" म्हणाले. पहाटे रुग्णाला आयसीयूत हलवावं लागलं. मी आणखी काय करायला हवं होतं?

तुला शंका आली आणि तू फोन केलास, म्हणजे सगळ्यात अवघड भाग तू पार पाडलास. 'काहीतरी बिघडतंय' या वाटण्याला कमी लेखू नकोस. तातडीचं पथक बोलावायला 'नर्सला काळजी वाटते' एवढं कारणही पुरेसं मानणारी रुग्णालयं आहेत. पण फोनवरच्या माणसाला तुला दिसतं ते दिसत नसतं. झोपेतून उठलेल्या डॉक्टरांसमोर चित्र उभं करायचं काम आपलं, आणि ते शिकता येतं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक इशारा-गुणांकन तयार केलं. २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तिला न्यूज-२ म्हणतात. त्यात श्वास, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण), वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप यांना गुण देतात, रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचे वेगळे. समज, श्वास २४ आहे : २ गुण. ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९४ : १. वरचा रक्तदाब १०४ : १. नाडी ११२ : २. ताप ३८.४ सेल्सिअस : १. रुग्ण पूर्ण शुद्धीत : ०. यातला एकेक आकडा बघितला तर कुणी घाबरणार नाही, आणि "बीपी बरं आहे ना" असंच म्हणेल. बेरीज मात्र ७ येते, आणि ७ म्हणजे तातडीनं बोलावण्याची पातळी.

आता बोलायचं कसं? त्यासाठी 'एसबार' नावाची चार टप्प्यांची पद्धत आहे. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर वापरली जायची, तिथून रुग्णालयांत आली. आधी आत्ता काय घडतंय ते, मग मागची हकिकत, मग तुझा अंदाज, शेवटी तुझी मागणी. असं काहीसं :

"सर, सर्जरी वॉर्डातून सिस्टर बोलते. बेड नंबर बाराच्या रुग्णाचा स्कोअर ७ झालाय, म्हणून फोन केला. काल त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी श्वास १६ आणि नाडी ८८ होती, आता श्वास २४ आणि नाडी ११२ आहे. ताप ३८.४ आहे, लघवी अगदी कमी झाली आहे. मला सेप्सिसची शंका येते. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तुम्ही येईपर्यंत मी काय सुरू करू?"

(सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीरातले अवयव बिघडू लागणं.) शेवटची दोन वाक्यं गाळू नकोस. नव्या मुली आकडे सांगून गप्प होतात आणि मागणी मनातच ठेवतात. मग समोरच्याला वाटतं, ही फक्त कळवतेय.

तरीही नकार आला, तर आवाज न चढवता एकेक पायरी वर जा : "मला काळजी वाटते." मग, "थांबणं मला योग्य वाटत नाही." मग, "हा रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, मी वरिष्ठांना कळवते." आणि खरंच कळव. फोन केल्याची वेळ, कुणाला केला आणि काय उत्तर मिळालं, ते नोंदव.

हे मी तुझ्या इन्चार्ज आणि मेट्रन (रुग्णालयातल्या सगळ्या नर्सच्या प्रमुख) यांनाही उद्देशून लिहिते आहे. वर कुणाला फोन करायचा याचा क्रम लेखी हवा, ड्यूटी टेबलावर चिकटवलेला हवा. सहा महिन्यांच्या मुलीच्या एकटीच्या हिमतीवर रुग्णाचा जीव टांगून ठेवू नये.

मी इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्या वॉर्डात औषधांच्या चुकांचे रिपोर्ट जवळजवळ येतच नाहीत, शेजारच्या वॉर्डातून मात्र दर महिन्याला येतात. मेट्रन माझं कौतुक करतात. पण मला आतून खात्री वाटत नाही. माझी शंका बरोबर आहे का?

ताई, बरोबर आहे, आणि ती बोलून दाखवलीत याचं मला फार मोल वाटतं. एमी एडमंडसन या संशोधक १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांच्या औषधचुका तपासत होत्या. चांगल्या पथकांत चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलट आले. जिथे प्रमुख नर्सशी मोकळेपणानं बोलता यायचं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. चुका जास्त घडत होत्या असं त्यावरून ठरत नाही. तिथे त्या सांगितल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा शून्य रिपोर्टचा वॉर्ड दिसला की मी आधी विचारते, इथे बोलायची भीती कुणाला वाटते?

चूक सांगायला आलेल्या मुलीशी तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता, यावर पुढचं वर्षभर सगळा वॉर्ड काय सांगेल ते ठरतं. पहिलं वाक्य असावं : "रुग्ण कसा आहे?" दुसरं : "लगेच सांगितलंस, चांगलं केलंस." रुग्ण सुरक्षित झाला की मग शोध घ्या. सारख्या दिसणाऱ्या दोन वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) शेजारी ठेवल्या होत्या का? डोसचं गणित कुणी दुसऱ्यांदा तपासलं होतं का? ती किती तास सलग ड्यूटीवर होती? निघालेलं कारण दुसऱ्या दिवशी पाळी बदलतानाच्या हँडओव्हरला नाव न घेता सांगा, आणि काय बदललं तेही सांगा. रिपोर्ट लिहून काहीच हललं नाही, तर तिसऱ्यांदा कुणी लिहीत नाही. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा वेगळा, त्याला वेगळी कारवाई हवी. पण घसरलेला हात आणि बेपर्वाई यांना एकच शिक्षा झाली, तर दोन्ही गोष्टी लपवल्या जातात.

तुम्हाला स्वतःला रुग्ण वाटून दिलेले असतील, तर हे सगळं बघायला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्नही तुमच्या पत्रात आहे. इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयातल्या हेळसांडीची रॉबर्ट फ्रान्सिस यांनी चौकशी केली. त्यांच्या २०१३ च्या अहवालात यावर शिफारस आहे : वॉर्डप्रमुख नर्सनं देखरेखीच्या भूमिकेत असावं, ऑफिसात अडकून पडू नये आणि आणीबाणी वगळता तिच्यावर दुहेरी काम टाकू नये. मेट्रनना ही शिफारस वाचून दाखवा.

मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) शिकलेल्या मुली खऱ्या रुग्णाला सांभाळू शकतील का?

शकतील, पण अटी आहेत. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेनं २०१४ मध्ये दहा संस्थांतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्लिनिकलचे (रुग्णांसोबतच्या कामाचे) निम्मे तास चांगल्या सिम्युलेशनला, म्हणजे खोट्या प्रसंगांवरच्या सरावाला, दिले, तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. 'चांगल्या' या शब्दावर सगळं अवलंबून आहे : शिकवणारे प्रशिक्षित हवेत आणि प्रसंग संपल्यावर बसून त्याची उजळणी हवी. मॅनिकिन कपाटात कुलूपबंद असेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

मी रुग्णालय व्यवस्थापक आहे. नर्सची संख्या वाढवा असं सगळेच म्हणतात. त्याचा रुग्णाला नेमका किती फायदा होतो, हे कुणी मोजलं आहे का?

मोजलं आहे. संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्समागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांतही तसंच दिसलं. शिवाय पदवीधर नर्सचं प्रमाण दर १० टक्क्यांनी जास्त असलं, की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे संख्या आणि शिक्षण दोन्हींचा संबंध आहे. हे निरीक्षणातून काढलेले निष्कर्ष आहेत, पण ते देशोदेशी पुन्हापुन्हा आले आहेत.

कॅलिफोर्नियात किमान प्रमाणाचा कायदा २००४ पासून लागू आहे. तिथे साध्या वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच रुग्ण असतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडनं २०१६ मध्ये असंच प्रमाण ठरवलं. त्याचा अभ्यास २०२१ मध्ये आला : जिथे नर्समागचे रुग्ण कमी झाले, तिथे मृत्यूची शक्यता, रुग्ण पुन्हा भरती होण्याचं प्रमाण आणि मुक्कामाचे दिवस कमी आढळले. यातून वाचलेला खर्च जादा नर्सवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. तुम्ही हिशेब बघणारे आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते. मला स्वतःला मृत्यूचा आकडा पुरेसा वाटतो.

आणि नर्सची संख्या ठरवणाऱ्या बैठकीत मेट्रनला बसवा. मत देण्याच्या अधिकारासह बसवा.

आईजवळ बसलेली असताना औषधं काढणाऱ्या सिस्टरांना एक साधी शंका विचारली, तर त्यांनी हातानंच थांबा म्हणून खुणावलं. राग आला. एवढं बोलायलाही वेळ नसतो का?

तुमचा राग समजतो. आजारी आईजवळ बसलेल्या माणसाला उत्तर मिळायलाच हवं. पण त्या सिस्टरांनी त्या क्षणी योग्य तेच केलं. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत औषधं देणाऱ्या नर्सचं निरीक्षण करून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका व्यत्ययागणिक चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढताना त्यात दिसलं. म्हणून काही रुग्णालयांत औषधं देताना नर्स 'व्यत्यय नको' असं लिहिलेलं जाकीट घालतात.

शंका कागदावर लिहून ठेवा आणि औषधांची फेरी संपली की विचारा. फेरी कधी असते ते इन्चार्ज सांगतील. पण आईचा श्वास जोरात चालायला लागला, बोलणं अचानक असंबद्ध झालं, कुठून रक्त आलं, किंवा नुसतं "आज आई नेहमीसारखी वाटत नाही" असं वाटलं, तर फेरी संपायची वाट बघू नका. त्याच क्षणी हाक मारा.