गोळा १५५चा, तरी तोफ का अडते?

प्रश्न : देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे ‘१५५ मिमी’ हे माप आमच्या परिसराला नवं नाही. नाटोतल्या जर्मनी, फ्रान्स, पोलंड यांच्या तोफाही याच मापाच्या आहेत. मग फ्रान्सचा गोळा जर्मन तोफेतून थेट डागता येतो का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक

उत्तर : नळीत बसतो, पण तेवढ्यावर डागता येत नाही. १५५ मिमी हा फक्त नळीचा आतला व्यास. या तोफेत गोळा, त्याच्या टोकाचा फ्यूज (गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग), मागचा दारूचा चार्ज आणि तो पेटवणारा प्रायमर हे चारही वेगवेगळे भरतात. बहुतेक वेळा घोडं अडतं ते चार्जपाशी.

‘३९ कॅलिबर’ म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या ३९ पट, साधारण ६ मीटर; ‘५२ कॅलिबर’ची ८ मीटरच्या थोडी वर. पहिलीत चार्जचे जास्तीत जास्त ५ मॉड्यूल, म्हणजे ठरावीक मापाचे सुटे भाग, भरतात, दुसरीत ६. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांनी करार करून ५२ कॅलिबरसाठी २३ लिटरचं चेंबर, म्हणजे नळीच्या मागची चार्ज भरायची जागा, ठरवलं. जर्मनीची पान्झरहाउबिट्झ २०००, फ्रान्सची सीझर आणि पोलंडची क्राब या तिन्ही ५२ कॅलिबरच्याच.

तरीही प्रत्येक गोळ्याचं वजन आणि आकार थोडा वेगळा असतो. त्याची माहिती तोफेच्या संगणकात नसेल, तर नळीतून सुटतानाचा वेग चुकीचा धरला जातो. हा वेग एक टक्का जरी चुकला, तरी ३० किलोमीटरवर गोळा काहीशे मीटर अलीकडे-पलीकडे पडतो. आपलं सैन्य पुढे असेल तर ही चूक जीवघेणी ठरते. म्हणून तोफ, गोळा, चार्ज, फ्यूज अशी प्रत्येक जोडणी कडक थंडीत आणि उष्णतेत डागून नळीतला दाब मोजतात, मगच वापराला मंजुरी मिळते.

खरी गाठ इथेच आहे. नाटोची मानकं, म्हणजे ‘स्टॅनाग’, प्रत्येक देश स्वतंत्रपणे मान्य करतो, तीही हवं तर अटी घालून. सुरक्षेची मंजुरीही ज्याची त्याची. एकाने केलेली चाचणी दुसऱ्याने ग्राह्य धरली, तर नवा कारखाना न उभारताही बराच वेळ वाचेल. आमच्या मते या देशांनी गोळे एकत्र खरेदी करण्याइतकंच हेही तातडीचं आहे.

प्रश्न : मग युरोपीय संघाची स्वतःची फौज आहे का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाही. २०१७ साली सुरू झालेली ‘पेस्को’ ही संघातल्या देशांची संयुक्त प्रकल्पांची चौकट आहे. सैन्य त्या-त्या देशाचंच राहतं. फौजा प्रत्यक्ष जोडल्या जातात त्या दोन देशांच्या आपसातल्या करारांनी. नेदरलँड्सची ४३वी ब्रिगेड जर्मनीच्या पहिल्या पान्झर (रणगाडा) डिव्हिजनला जोडली गेली, ती अशीच.