डोळ्यांची सीट हवीय, आत्तापासून काय करू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिंधुदुर्गातच. घर वेंगुर्ल्याकडे, बाबांची होडी आहे. पुढे ऑप्थॅल्मॉलॉजीच, म्हणजे डोळ्यांचंच, करायचं हे पहिल्या वर्षापासून डोक्यात आहे. यूट्यूबवर सगळे सांगतात की पहिल्या वर्षापासून रिसर्च करा, पेपर छापा, मोठ्या डॉक्टरांची शिफारसपत्रं मिळवा. आमच्याकडे तसलं काहीच नाही, पेपर लिहिणार कोणाबरोबर? आत्ताच मागे पडलेय असं वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: अगं, तू जे व्हिडिओ बघतेयस ते बहुतेक अमेरिकेतल्या मुलांसाठी आहेत. तिकडे डोळ्यांच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदव्युत्तर ट्रेनिंगसाठी, एसएफ मॅच म्हणून वेगळी पद्धत आहे, अर्ज, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू सगळं बघतात, त्यात २०२२ पासून यूएसएमएलई या डॉक्टरकीच्या लायसन्स परीक्षेच्या पहिल्या स्टेपला मार्कच मिळत नाहीत, नुसतं पास किंवा नापास, त्यामुळे रिसर्चला आणखी भाव आलाय. आपल्याकडे नीट पीजी या प्रवेश परीक्षेची रँक बघतात आणि सीट देतात, विषय संपला. काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे सीट वाटताना, तुझे पेपर किती हे कोणी विचारत नाही. त्यामुळे मागेबिगे काही पडलेली नाहीस तू.

पण याची दुसरी बाजू नीट समजून घे. नीट पीजीत २०० प्रश्न, ८०० मार्क, साडेतीन तास, चुकलं की एक मार्क वजा, आणि विषय १९. त्यात डोळ्यांचे प्रश्न मूठभर. म्हणजे डोळ्यांचं पुस्तक कितीही आवडीने वाचलंस तरी डोळ्यांची सीट तुला मेडिसिन, सर्जरी, गायनॅक आणि आत्ता चालू असलेले पॅथॉलॉजी, फार्मॅक, मायक्रो हेच मिळवून देणार. माझ्या मते दुसरं वर्ष सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथला पाया कच्चा राहिला की इंटर्नशिपमध्ये ड्युट्या सांभाळून तो परत घालायला वेळच मिळत नाही. रोज वाचलेल्या टॉपिकवरचे एमसीक्यू त्याच आठवड्यात सोडव, चुकलेले एका वहीत लिही, बस.

आणि हे विषय डोळ्यांपासून लांब नाहीत हं. टिमोलॉल शिकशील तेव्हा लक्षात ठेव की काचबिंदूसाठी घातलेल्या थेंबानेसुद्धा दमेकऱ्याला धाप लागू शकते. टीबीच्या पेशंटला एथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा ओळखता येईना झाला तर ऑप्टिक नर्व्हचा, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा, विचार आधी आला पाहिजे. मधुमेह, बीपी, हे तर डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उघड दिसतात.

आता डोळ्यांसाठी वेगळं काय करशील? पोस्टिंगची वाट बघत बसू नको, सुट्टीच्या दुपारी डिपार्टमेंटला जाऊन विचार की ओपीडीत मागे उभी राहू का, बहुतेक कोणी नाही म्हणत नाही. डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, हातात घ्यायला शीक. खोलीत अंधार करायचा, पेशंटला लांब एका ठिकाणी बघायला सांगायचं, त्याचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्याने, उपकरण उजव्या हातात. आधी हातभर अंतरावरून बाहुलीतली लाल चमक बघायची, मग कानाच्या बाजूने थोडं तिरकं जवळ जात राहायचं. एखादी रक्तवाहिनी दिसली की ती जिकडे जाड होत जाते तिकडे सरकायचं, डिस्क, म्हणजे ऑप्टिक नर्व्हचं टोक, सापडतेच. सुरुवातीला काहीच दिसत नाही, सगळ्यांचं तसंच होतं. मैत्रिणींचे डोळे बघ, रोज एक तरी.

कोकणात तुला जे बघायला मिळेल ते शहरातल्या मुलांना इतकं मिळत नाही. वर्षानुवर्षं उन्हात आणि पाण्यावरच्या चकाकीत काम केलेले लोक, नाकाच्या बाजूने बुबुळावर चढत आलेलं मांस, म्हणजे टेरिजियम, कसं असतं ते बंदरावर उभी राहिलीस तरी दिसेल. बाबांचेही डोळे एकदा नीट बघ, दाखवून घे, आणि होडीवर टोपी-गॉगल वापरायला लाव. ‘माका धूसर दिसता’ म्हणणारी आजी नेमकं काय सांगतेय, दूरचं की जवळचं, दिवसा की रात्री, दिव्याभोवती कडी दिसतात का, हे तिच्याच भाषेत विचारता येणं ही तुझी फार मोठी जमेची बाजू आहे.

रिसर्च मनापासून आवडत असेल तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची विद्यार्थ्यांसाठी एसटीएस नावाची योजना आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट असतो, कम्युनिटी मेडिसिनच्या सरांना गाइड व्हाल का विचार. रँकला उपयोग नाही, पुढे फेलोशिपला होईल. नसेल आवडत तर सोडून दे, काही बिघडत नाही.

एक तपासणी मात्र आत्ताच कर, स्वतःच्या डोळ्यांची. मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन करायला दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली कळावी लागते. लहानपणी तिरळेपणा होता किंवा एका डोळ्याला कमी दिसतं असं काही असेल तर ते आज कळलेलं बरं.

सीट घ्यायची वेळ येईल तेव्हा एमएस किंवा डीएनबी या पदव्या, दोन्ही तीन वर्षांच्या, दोन्ही चांगल्या. दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. एम्स, पीजीआय, जिपमरसाठी आयएनआय-सीईटी ही परीक्षा वेगळी असते, वर्षातून दोनदा. मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय इथल्या सीटही नीट पीजीतूनच मिळतात. पण कॉलेजच्या नावावर जाऊ नको. तिथल्या रेसिडेंटना फोन करून सरळ विचार, कटिंग किती मिळते? म्हणजे मोतीबिंदूची ऑपरेशनं स्वतःच्या हाताने किती करायला देतात, एसआयसीएस (छोट्या छेदाचं ऑपरेशन) कधी सुरू होतं, फेको (मशीनने मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन) हातात देतात का, की तीन वर्षं नुसतं असिस्टच करायचं. दोन-तीन वेगवेगळ्या बॅचच्या लोकांना विचार, कारण हे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, बदलले की बदलतं. आणि तुझ्या बाँडची, म्हणजे शिकून झाल्यावरच्या सरकारी सेवेची, अट काय आहे ते कॉलेजच्या ऑफिसातून लेखी घेऊन ठेव, सीनियर सांगतात त्यावर जाऊ नको.