तुमचे प्रश्न: तलवार घेताना मुठीच्या आत काय आहे ते विचारा

प्रश्न: नमस्कार सर, खंडेनवमीला पूजेत ठेवायला घरात एक धोप, म्हणजे लांब सरळ पात्याची तलवार, घ्यायचीय. एका दुकानदाराने फोटो पाठवलेत, पात्यावर सोनेरी अक्षरं आहेत, वजन अडीच किलो आणि किंमत ९,००० सांगतोय. तो म्हणतो अस्सल मराठा तलवार अशीच जड असायची. घेऊ का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर: सर, नका घेऊ. आणि कारण तो दुकानदारच तुम्हाला देतोय, अडीच किलो. जुन्या तलवारी हातात घ्यायची ज्यांना संधी मिळाली ते सगळे पहिलं वाक्य हेच बोलतात की अरे ही तर हलकी आहे! साधी वाकी तलवार बहुतेक वेळा किलोच्या आगेमागेच भरते, लांब धोप किंवा फिरंग (युरोपातून आलेल्या पात्याची तलवार) त्याहून थोडी जास्त. दिवसभर घोड्यावर बसून जे हत्यार चालवायचं ते अडीच किलोचं करून कसं चालेल, मनगटच जाईल ना. आपल्याकडे जड म्हणजे भारी असं डोक्यात बसलंय आणि विकणारे त्याचाच फायदा घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या लोहारांनी ते वजन कमी करण्यात आयुष्य घालवलं त्यांच्या कामाचा हा अपमान आहे.

मग वजन कमी कसं व्हायचं? तर पातं मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं. मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर असेल तर टोकाच्या अलीकडे दोन-तीनच. स्वस्त प्रतिकृती बाजारातली लोखंडी पट्टी कापून ग्राइंडर मारून करतात त्यामुळे ती इकडून तिकडे सारखीच जाड, सगळा भार पुढे, उचलली की टोक जमिनीकडे ओढतं. दुकानात जाताना हार्डवेअरवाल्याकडचा जाडी मोजायचा व्हर्नियर आणि किचनमधला वजनकाटा बरोबर न्या, लाजू नका. पातं एका बोटावर आडवं तोलून बघा, मुठीपासून वीतभराच्या आत, शक्यतो पाच-सहा इंचांवर तोल सापडला तर बनवणाऱ्याला काम कळतं असं समजा. नंतर टॉर्च घ्या आणि पात्यावरून उजेड सरकवत न्या. पाठीलगतची नळ, म्हणजे लांब खाच, सरळ जाते का, कडा लाटांसारख्या हलतात का ते एका मिनिटात दिसतं.

मूठ पण बघा. आपल्या तलवारीची मूठ चार बोटांत घट्ट बसणारी, लहान असते आणि वरची वाटी मनगटाला टेकते, त्यामुळे हात आपोआप ओढून वार करायला वळतो. नवीन मुठी बऱ्याचदा सैल आणि लांब करतात, हात आत खेळतो. अशी मूठ दिसली की करणाऱ्याने जुनी तलवार कधी हातात धरलेली नाही हे नक्की.

प्रश्न: दादा, आम्ही मर्दानी खेळाची पोरं. वस्तादांनी स्वतःच्या तलवारी घ्यायला सांगितलंय. ऑनलाइन स्टेनलेस स्टीलची १,८०० ला मिळतेय, गंजत नाही म्हणतात. चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर: भिंतीवर लावायला चालेल, फिरवायला अजिबात नाही. हे मी हात जोडून सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका जयंतीच्या मिरवणुकीत माझ्या डोळ्यासमोर एका मुलाच्या हातात नुसती मूठ राहिली आणि पातं सुटून पाच-सहा हात लांब रस्त्यावर पडलं, समोर बायका-पोरं बसलेली, कुणाला लागलं नाही हे नशीब. मी ती मूठ हातात घेऊन बघितली. आत करंगळीपेक्षा बारीक बोल्ट पात्याच्या बुडाला वेल्डिंग करून लावलेला, वेल्डिंगच्या जागी निळसर काळा डाग आणि तिथंच तुटलेला, बाकी पोकळीत एम-सील भरलेलं. बाहेरून मात्र तलवार झकास दिसत होती.

म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, पात्याचा मुठीत जाणारा भाग पात्याच्याच अखंड लोखंडाचा आहे का आणि किती रुंद आहे. जुन्या तलवारीत तो भाग तापवलेल्या लाखेत बसवायचे, आज चांगले कारागीर लाख नाहीतर इपॉक्सी वापरतात आणि आरपार रिव्हेट मारतात, दोन्ही ठीक. जो उत्तर देताना अडखळतो त्याच्याकडून घेऊ नका. मूठ धरून पात्याच्या चपट्या बाजूवर तळहाताने थाप मारा, आत खुळखुळ आली तर परत ठेवा.

लोखंड स्प्रिंग स्टीलच हवं, ट्रकच्या कमानपाट्याचं असतं तसलं, आणि त्याला नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेलं हवं. पातं हलकं वाकवून सोडलं की सरळ व्हायला पाहिजे, वाकलेलंच राहिलं तर मऊ आहे. ही परीक्षा विकणाऱ्याला स्वतःला करून दाखवायला सांगा, तुम्ही उभे राहा लांब. आणि सरावाची तलवार बोथटच घ्या. पैसे कमी पडले तर दोन महिने थांबा, जमवा, तोवर लाठी फिरवा.

प्रश्न: माझ्या मुलाने फिरंग तलवारीची प्रतिकृती आणली, त्यावर रोमन अक्षरं आहेत. सगळे म्हणतायत फसवलं, मराठा तलवारीवर इंग्रजी कसं? (पुणे)

उत्तर: ताई, मुलाला ओरडू नका, ही चूक नाहीये, उलट कुणीतरी अभ्यास करून केलेलं काम असू शकतं! फिरंग म्हणजेच युरोपातून आलेलं पातं आणि त्यावर इथली मूठ. लंडनच्या राजघराण्याच्या संग्रहात जी जगदंबा तलवार आहे, १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून त्याच्याकडे गेलेली, तिच्या पात्यावर आय-एच-एस ही अक्षरं तीनदा आहेत. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार परत आणली, तिचंही पातं युरोपीय आणि पाठीवर देवनागरीत नाव, त्यातच शेवटी फिरंग असा शब्द आहे. तुमच्याकडच्या अक्षरांच्या कडा बघा. ठसा मारलेला असेल तर खड्डा खोल आणि कडा थोड्या दबलेल्या लागतात, लेझरने केलेलं असेल तर नखाला जवळजवळ काही लागतच नाही. लेझर म्हणजे फसवणूक नव्हे, पण त्याचे पैसे हातकामाएवढे देऊ नका.

प्रश्न: जुनी म्हणून ४०,००० ला मिळतेय, पात्यावर लाटांची नक्षी आणि गंज पण आहे. (नाशिक)

उत्तर: गंजावर जाऊ नका, नवसागर आणि ॲसिड लावून आठ दिवसांत गंज चढवता येतो. तो नारिंगी, बोटाला लागणारा आणि सगळीकडे सारखा असतो. जुना गंज काळपट तपकिरी, खोल बसलेला, मुठीच्या सांध्यात जास्त. लाटांची नक्षी पण बहुतेक वेळा दोन पोलादं एकत्र घडवून ॲसिडने उठवलेली असते, ते कष्टाचं काम आहे पण दक्षिणेत मुशीत वितळवून करायच्या त्या जुन्या वुट्झ पोलादाशी त्याचा संबंध नाही. आणि समजा खरंच शंभर वर्षांच्या वरची निघाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा येतो, म्हणून कागदपत्रांशिवाय हातच लावू नका.

प्रश्न: घरी ठेवायला लायसन लागतं का, आणि कोकणात गंज येतो त्याला काय करू? (रत्नागिरी)

उत्तर: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार शस्त्र नियम २०१६ च्या यादीत आहे, तेव्हा आधी तुमच्या पोलीस स्टेशनला जाऊन विचारा, आणि बिलावर बोथट, शोभेची प्रतिकृती असं लिहून घ्या. मिरवणुकीत न्यायची असेल तर वेगळं विचारा, जमावबंदीचे आदेश असले की शोभेची पण चालत नाही.

गंजासाठी शिलाई मशीनचं तेल, फडक्यावर चार थेंब, पावसाळ्यात दर आठवड्याला. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. कातडी म्यानात घालून ठेवू नका, आत ओल राहते. पूजेनंतर पात्यावरचं हळदकुंकू त्याच दिवशी पुसा, कुंकवाखाली ओल धरून राहते आणि दुसऱ्या दिवशी तिथं बरोबर बोटाएवढा डाग दिसतो.